स्कूल काउन्सेलर व्हायचंय, मग एमए कुठून करू? ऐरोलीच्या एका ताईला माझं लांबलचक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा होता. ऐरोलीला राहते, वय ३२, बीए सायकॉलॉजी होऊन दहा वर्षं झाली, मधे एका कंपनीत एचआरमध्ये होते, आता मुलगी सिनियर केजीत आहे. शाळेत काउन्सेलर व्हायचंय. एमए कुठून करू, डिस्टन्सने चालेल का, बीएड लागतं का, आणि तोपर्यंत सहा महिन्यांचा ऑनलाइन डिप्लोमा करून सुरुवात केली तर चालेल का. शेवटी हळूच विचारलंय की उशीर तर नाही ना झाला.

मी ठाण्यात २००९ पासून हे काम करतेय, आधी घोडबंदर रोडवरच्या एका इंग्रजी मीडियम शाळेत, मग काही वर्षं मराठी शाळांमधून फिरून, आता दोन शाळांत आठवड्याचे दिवस वाटून. तुला तू म्हणते, चालेल ना.

शेवटून सुरुवात करते. तो सहा महिन्यांचा डिप्लोमा. करू नकोस असं नाही म्हणत, पण त्याच्या जिवावर मुलांसमोर बसू नकोस. असल्या कोर्समध्ये शेवटी छान सर्टिफिकेट येतं, लॅमिनेट करून लावता येतं, पण त्या सहा महिन्यांत तुझं बोलणं, तुझा एक सेशन, कुणी ऐकलेला नसतो. आणि हे काम ऐकून घेतल्याशिवाय शिकता येत नाही, म्हणजे मुलाचं ऐकण्याबद्दल नाही बोलत, तू कशी ऐकतेस ते दुसऱ्या कुणीतरी ऐकण्याबद्दल बोलतेय. त्यावर पुढे येतेच.

डिस्टन्सचं. तीन-चार वर्षांपूर्वी हा प्रश्न आला असता तर मी पण इग्नूचं एमए सांगितलं असतं, माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणींनी घर आणि नोकरी सांभाळून तेच केलंय, आणि त्यातल्या दोघी-तिघी माझ्यापेक्षा चांगल्या काउन्सेलर आहेत. पण आता तो रस्ता बंद झालाय. २०२१ मध्ये अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला, त्या कायद्याच्या यादीत सायकॉलॉजी येते, आणि त्याच आधारावर यूजीसीने २०२५ मध्ये सांगितलं की जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून सायकॉलॉजीला डिस्टन्स किंवा ऑनलाइन मोडमध्ये नवीन ॲडमिशन द्यायची नाहीत. तरीही फोन येतात बरं का, "मॅडम सीट आहे, बॅकडेटमध्ये करून देतो" असले. जिथे बॅकडेट हा शब्द ऐकलास तिथे फोन ठेवून दे. या कायद्यात राज्याराज्यात कौन्सिल आणि नोंदणीचं रजिस्टर आहे, उद्या तुझे कागद कुणीतरी उलटून पालटून बघणार हे धरून चाल. मार्कशीट, सिलॅबस, फील्डवर्कच्या तासांची सहीशिक्क्याची पानं, सगळं एका फाइलीत ठेव, झेरॉक्स वेगळी.

म्हणजे रेग्युलर. म्हणजे रोज जाणं. मुलगी लहान आहे म्हणून हे सोपं नाही हे मला कळतं, पण ऐरोलीहून पर्याय तसे वाईट नाहीत. मुंबई विद्यापीठाचा अप्लाइड सायकॉलॉजी विभाग कलिनाला, तुला ठाण्याला येऊन कुर्ला आणि तिथून बस, कुर्ल्याच्या त्या बसच्या रांगेची सवय व्हायला महिना लागतो. टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, देवनारला, गोवंडी स्टेशन, तू ट्रान्स हार्बरने वाशीला उतरून हार्बर पकडलीस की झालं. टिसला आता सीयूईटी पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा देऊन जावं लागतं, त्यांची स्वतःची आधीची टिसनेट नाही, आणि स्पर्धा भरपूर आहे, पण फील्डवर्क हा तिथला कणा आहे म्हणून प्रयत्न नक्की कर. एसएनडीटीत पण सायकॉलॉजी आहे आणि ह्यूमन डेव्हलपमेंट पण आहे. ह्यूमन डेव्हलपमेंटकडे लोक "होम सायन्स वाटतं" म्हणून नाक मुरडतात, मला विचारशील तर बालवाडी ते सातवीच्या मुलांसोबत काम करायचं असेल तर तिथे शिकलेल्या मुलींना लहान मूल जास्त कळतं, आमच्यासारख्यांना आधी थिअरी कळते आणि मूल नंतर. याशिवाय नवी मुंबईत आणि पनवेलकडे प्रायव्हेट युनिव्हर्सिट्या आहेत, फी बघून घे आणि पुढचा प्रश्न तर विचारच विचार.

तो प्रश्न म्हणजे, दोन वर्षांत माझ्या हातून प्रत्यक्ष किती तास काम होणार आणि ते तपासणार कोण.

तू गूगलवर शोधलंस तर अर्धी पानं अमेरिकेची येतात, ती वाचून घाबरू नकोस, पण एक माप म्हणून जवळ ठेव. तिकडे काउन्सेलिंगच्या मास्टर्सना मान्यता देणारी सीएसीआरईपी नावाची संस्था आहे, तिच्या नियमाप्रमाणे ६० क्रेडिटचं मास्टर्स, त्यात १०० तासांचं प्रॅक्टिकम आणि त्यानंतर ६०० तासांची इंटर्नशिप. त्या ६०० मधले २४० तास थेट विद्यार्थ्यांसोबत, आणि या सगळ्या काळात दर आठवड्याला सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी माणसाने तुझं काम तपासणं. त्यांच्या स्कूल काउन्सेलरांच्या संघटनेची शिफारस २५० मुलांमागे एक काउन्सेलर अशी आहे, आपल्याकडे हे वाचून हसू येतं. आता आपलं बघ. नवीन शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात एमएला ऑन जॉब ट्रेनिंग आलंय, ४ क्रेडिटचं, १ क्रेडिटला ३० तास धरले तर १२० तास. आधी काहीच नव्हतं तिथे १२० आले हे चांगलंच आहे, पण १२० तास म्हणजे शाळेची साधारण वीस-बावीस दिवसांची हजेरी. त्यात पहिला आठवडा बाकं मोजण्यात जातो, एक आठवडा गॅदरिंगमध्ये, उरलं काय.

म्हणून कॉलेजच्या ऑफिसात फी विचारायच्या आधी डिपार्टमेंटमध्ये जाऊन बस आणि सेकंड इयरच्या मुलींना चहा पाज. त्यांना विचार की तुमच्या केसेस कोण बघतं. वर्बॅटिम लिहून घेतात का, म्हणजे सेशनमध्ये मुलगा काय बोलला मी काय बोलले हे आठवून शब्दशः लिहायचं आणि मॅडमसमोर न्यायचं. मॅडम त्यावर लाल पेनाने काही लिहितात का की नुसती सही. रोल प्ले होतात का की पीपीटी होतात. या उत्तरांवरून ठरव. डिग्रीवर काउन्सेलिंग सायकॉलॉजी लिहिलंय की क्लिनिकल की नुसतं सायकॉलॉजी याने शाळेत फारसा फरक पडत नाही. एक गोष्ट मात्र डोक्यात क्लिअर ठेव, नुसतं एमए क्लिनिकल केलं म्हणून कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही, ते नाव लावायला आरसीआयचं, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं, रजिस्ट्रेशन लागतं आणि त्यासाठी त्यांनी मान्यता दिलेला कोर्स लागतो. शाळेत काउन्सेलर म्हणून कामाला ते लागत नाही, पण दारावर पाटी लावताना लोक सर्रास चुकतात.

सुपरव्हिजनचं एवढं का लावून धरलंय ते सांगते, यात माझीच चूक आहे त्यामुळे मोकळेपणाने सांगता येतं.

माझं पहिलं वर्ष. एमए फर्स्ट क्लास, कार्ल रॉजर्सची काउन्सेलिंगची थिअरी पाठ, एम्पथी म्हणजे काय यावर दहा मार्कांचं उत्तर झोपेत लिहिलं असतं. नववीतली एक मुलगी यायची, तीन वेळा नुसती बसून गेली, चौथ्या वेळी बोलली. घरात काय चाललंय, आई आजीशी कशी भांडते, आणि तिला स्वतःला रात्री काय काय वाटतं. जिवाला धोका वगैरे काही नव्हतं, साधं एका मुलीचं दुखणं होतं. त्याच आठवड्यात ओपन डे. आई आली, बाई चांगल्या होत्या, डोळ्यात पाणी, म्हणाल्या "मिस, ती तुमच्याशी बोलते, माझ्याशी बोलतच नाही, काय म्हणते हो?" आणि मी सांगितलं. सगळं नाही, पण आजीबरोबरच्या भांडणाचं सांगितलं, म्हटलं आईला कळलं तर घरात जरा शांतता होईल. मला वाटलं मी मदत केली. सोमवारी ती मुलगी कॉरिडॉरमध्ये समोरून आली आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दहावी होईपर्यंत परत कधी आली नाही, आणि तिच्या वर्गातल्या पण कुणी आल्या नाहीत. मुलांच्यात असल्या बातम्या मधल्या सुट्टीत पसरतात.

गोपनीयता हा चॅप्टर मला येत नव्हता का, येत होता. पण रडणारी आई समोर असताना तो चॅप्टर तोंडात कसा आणायचा हे कुणी शिकवलं नव्हतं. नंतर मी एका सीनियर मॅडमकडे दर पंधरा दिवसांनी पैसे देऊन जायला लागले, ठाणा स्टेशनपासून चालत, पगार ९,००० होता तेव्हा. त्यांनी मला पहिल्यांदा ते वाक्य बोलून घेतलं, अक्षरशः दहा वेळा. "तिने मला काय सांगितलं ते मी सांगणार नाही, पण तुम्हाला तिची काळजी वाटते हे मी तिला सांगू का?" दिसायला साधं आहे. दहाव्या वेळी आवाज थरथरायचा थांबला. आजही ओपन डेला हेच वाक्य वापरते.

आणि याच्या उलट बाजू पण तितकीच पक्की पाहिजे. मुलाला पहिल्याच भेटीत सांगायचं की तू बोलशील ते माझ्याकडे राहील, पण तीन गोष्टी राहणार नाहीत, तू स्वतःला काही करणार असशील, दुसऱ्याला करणार असशील, किंवा कुणी तुला त्रास देत असेल, हात लावत असेल. हे आधी सांगायचं, नंतर नाही, नंतर सांगितलं की तो दगा होतो. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा आहे, त्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा झालाय किंवा होऊ शकतो असं कळलं तर कुणालाही, काउन्सेलरला पण, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा स्वतःच गुन्हा. "आधी आपण आत बघून घेऊ, शाळेचं नाव आहे" असं वरून म्हटलं जातं. त्या क्षणी तू एकटी असतेस. बदलापूरच्या शाळेतलं लहान मुलींवरच्या अत्याचाराचं २०२४ चं प्रकरण आपल्याच जिल्ह्यातलं, त्यानंतर शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समितीचे बोर्ड सगळीकडे लागले, बोर्ड लागणं वेगळं आणि एका बाईने ऑफिसात उभं राहून "मी कळवणार आहे" म्हणणं वेगळं. तुझ्या एमएत हा कायदा शिकवत नसतील तर स्वतः वाच, मूळ कायदा वाच, फॉरवर्ड नाही. चाइल्डलाइन १०९८ आणि टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६ हे दोन नंबर पाठ पाहिजेत, आणि जवळच्या सरकारी हॉस्पिटलची मानसोपचार ओपीडी कुठल्या दिवशी असते ते पण.

आता ज्या गोष्टीवर मला खरं तर सगळ्यात जास्त बोलायचंय, आणि जी कुठल्याच प्रॉस्पेक्टसमध्ये नसते. भाषा.

आपण शिकतो इंग्रजीत. पुस्तकं, व्हिडिओ, सगळे रोल प्ले इंग्रजीत. आणि मग समोर येतो रबाळ्याच्या चाळीतला सहावीतला मुलगा. पुस्तकातलं ते वाक्य आहे ना, तुला त्याबद्दल कसं फील होतं, ते मी मराठीत विचारायचे, "त्याबद्दल तुला काय वाटतं?" आणि मुलं मत सांगायची! "सरांनी असं नको करायला पाहिजे होतं." कारण मराठीत "काय वाटतं" म्हणजे तुझं मत काय. बरं, "कसं वाटतं" विचारलं तर उत्तर एकच, "बरं वाटतं" किंवा "बरं नाही वाटत", डॉक्टरला सांगितल्यासारखं. दोन वर्षं मला वाटत होतं आपली मुलं भावना सांगतच नाहीत. सांगतात की. पोटात गोळा येतो, छातीत धडधडतं, डोकं भणभणतं, हातपाय गळतात, कसंतरी होतं, जीव नकोसा होतो. सगळं अंगात. म्हणून मी आता विचारते, "मग काय झालं? आणि तेव्हा अंगात कुठे काय झालं?" आणि मुलं धडाधड बोलतात.

हाच तो सहावीतला. पोटात दुखतं म्हणून दर आठवड्याला घरी पाठवायचे. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, काही नाही. वर्गशिक्षिका म्हणाल्या नाटकं करतो. मी पण आधी परीक्षेची भीती, गणिताचा तास वगैरे चाचपत बसले, पुस्तकात तसंच असतं ना. मग शाळेच्या दवाखान्याचं रजिस्टर काढलं आणि तारखा बघितल्या, बहुतेक सगळे मंगळवार. मंगळवारी काय असतं शाळेत, काही नाही, गणित पण नाही. घरी काय असतं विचारलं, तर म्हणाला "पप्पांची सुट्टी." एवढंच. पप्पा सुट्टीच्या दिवशी दुपारपासून पिणार, आई एकटी घरात, आणि हा शाळेत अडकलेला. पोटदुखी हा त्याचा घरी जायचा पास होता. यात मी काही मोठं तंत्र वापरलं नाही, रजिस्टर बघितलं आणि दोन शब्दांवर थांबले. त्या दोन शब्दांनंतर गप्प बसायला मात्र मला सहा वर्षं लागली शिकायला.

अजून एक भाषेचंच. आपल्याकडे आरईबीटी, म्हणजे अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती, प्रा. कि. मो. फडके यांच्यामुळे मराठीत नीट रुजलीये. त्यात मुख्य मुद्दा हा की इच्छा वेगळी आणि अट्टहास वेगळा. इंग्रजीत त्यासाठी मस्ट आणि शुड शोधत बसावं लागतं. मराठीत तो अट्टहास एका अक्षरात असतो, च. "मला नव्वद टक्के मिळावेत" आणि "मला नव्वद टक्के मिळालेच पाहिजेत." दहावीच्या मुलांना मी फळ्यावर हे लिहून देते आणि म्हणते आजच्या दिवसात तू किती च बोललास ते मोज. मुलं हसतात, मग संध्याकाळी आईबाबांचे च मोजतात, आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगतात "मिस, पप्पांचे सत्तावीस झाले." हे मला कुठल्या लेक्चरमध्ये मिळालं नाही. ठाण्याजवळ आहेस तर तिथल्या आयपीएचची व्याख्यानं, वर्कशॉप बघत राहा, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० ला सुरू केलेली संस्था, मनाबद्दल मराठीत सोपं पण उथळ नाही असं कसं बोलायचं ते तिथे ऐकायला मिळतं. एमए इंग्रजीतून कर, पण वर्बॅटिम मराठीत लिही, मॅडमनी नाही म्हटलं तरी एक कॉपी मराठीत ठेव.

टेस्टिंगबद्दल पटकन. एमएत बिने कामत, मालिनची मिसिक, रेव्हनच्या मॅट्रिसेस, डीबीडीए अशा बुद्धिमत्तेच्या आणि क्षमतेच्या सगळ्या टेस्ट येतील, नीट शिकून घे, मॅन्युअल वाचून, कारण शाळेत पालक टेस्टच्या आकड्याला देवाचा कौल समजतात. पण शाळेतल्या काउन्सेलरचं काम बहुतेक वेळा टेस्ट करणं नसून कुणाला टेस्टला पाठवायचं हे ओळखणं असतं. चौथीतला मुलगा तोंडी सगळं सांगतो आणि लिहिताना अडतो, इंग्रजी b चा d करतो, फळ्यावरून उतरवत नाही, त्याला आळशी म्हणण्याआधी पाठव. लर्निंग डिसॅबिलिटी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये आहे, बोर्डात जादा वेळ, लेखनिक वगैरे सवलती मिळतात, पण त्याचं सर्टिफिकेट सरकारने ठरवलेल्या हॉस्पिटलातूनच, सायनच्या हॉस्पिटलचं एलडी क्लिनिक आपल्याकडच्या पालकांना माहीत असतं. तिथे नंबर लागायला वेळ जातो, म्हणून आठवी-नववीत धावाधाव करण्यापेक्षा आधी. आणि ते बोटांच्या ठशांवरून करिअर सांगणारे, डीएमआयटी वाले, मॉलमध्ये टेबल टाकून बसलेले असतात, शाळांमध्ये पण शिरतात पॅकेज घेऊन. त्याला शास्त्रीय आधार नाही. मुख्याध्यापकांनी विचारलं तर स्पष्ट सांग, त्या कमिशनच्या नादात काउन्सेलरचं नाव जातं.

बीएड लागतं का. सीबीएसईच्या २०१८ च्या संलग्नता नियमांत काउन्सेलिंग अँड वेलनेस टीचरसाठी सायकॉलॉजीतली पदवी किंवा पदव्युत्तर, किंवा चाइल्ड डेव्हलपमेंटमध्ये पदव्युत्तर, किंवा कुठलीही पदवी आणि त्यावर करिअर गायडन्स अँड काउन्सेलिंगचा डिप्लोमा, असं होतं. बीएड त्यात नव्हतं. म्हणजे त्या कागदावर तू बसतेस, बीए सायकॉलॉजी आहेस. तरी मी एमए करच म्हणतेय, (बघ, माझा पण च आला). काही शाळा बीएड मागतात, त्याचं खरं कारण हे की तुला सायकॉलॉजीचे किंवा इंग्लिशचे तास देता यावेत. तुझं बीएड असेल तर तुला टीचर समजतील, नसेल तर बाहेरची समजतील, दोन्हीत त्रास आहे, निवड तुझी. ज्यांचं आधीच बीएड आहे किंवा शिक्षिका आहेत त्यांच्यासाठी एनसीईआरटीचा गायडन्स अँड काउन्सेलिंगचा एक वर्षाचा डिप्लोमा चांगला आहे, सहा महिने घरून अभ्यास, तीन महिने प्रत्यक्ष सेंटरवर, तीन महिने आपल्या गावी इंटर्नशिप, महाराष्ट्राला भोपाळचं सेंटर. तुला लहान मुलीला ठेवून तीन महिने भोपाळ झेपेल असं वाटत नाही, पण तुझ्या मुलीच्या शाळेतल्या कुठल्या टीचरला सांग.

नोकऱ्यांचं. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांवरच्या एका निकालात सांगितलं की जिथे १०० किंवा जास्त विद्यार्थी आहेत अशा संस्थांनी किमान एक प्रशिक्षित काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर ठेवायचा, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं. यात कोचिंग क्लासेस पण आले. त्यामुळे जाहिराती वाढल्यात. पण जाहिरात वाढली म्हणजे पोस्ट वाढली असं नाही. माझ्या ओळखीतल्या एकीला इंटरव्ह्यूत विचारलं "आठवड्यातून एक दिवस आलात तरी चालेल, रजिस्टरला नाव पाहिजे." पगार सुरुवातीला २०-२५ हजार म्हणतात, मोठ्या इंटरनॅशनल शाळांत जास्त, छोट्या शाळांत त्याहून कमी. घासाघीस कर, पण पगारापेक्षा आधी खोली माग. दार बंद होणारी आणि काचेची नसलेली, नाहीतर काचेला अर्ध्यापर्यंत कागद. मला पहिली तीन वर्षं पीटीच्या स्टोअररूममध्ये बसवलं होतं, मुलगी रडतेय आणि मधेच सर येऊन म्हणणार "एक मिनिट मॅडम, फक्त रिंग घेतो." आणि प्रॉक्सी तासांचं आधीच ठरवून घे. काउन्सेलर म्हणजे फ्री, अशी स्टाफरूमची समजूत असते, कुणी आजारी पडलं की पाचवी ब मध्ये तू. कधीतरी जा, मुलं वर्गात कशी असतात ते दिसतं, पण ज्या मुलाला तू सकाळी खोलीत ऐकून घेतलंस त्याला दुपारी तासाला "गप्प बस" म्हणायची वेळ येते, ते फार वाईट.

मुलं तुला काय हाक मारतील हे पण पहिल्या आठवड्यात ठरतं आणि मग बदलत नाही. इंग्रजी शाळेत मिस, मराठी शाळेत बाई. मराठी शाळेत मी मुद्दाम ताई म्हणायला लावलं, मुख्याध्यापिकांना आवडलं नव्हतं, शिस्त जाईल म्हणाल्या. एका वर्षाने त्याच म्हणाल्या "ते ताईंकडे पाठवा त्याला."

उशीराबद्दल. आमच्या एमएच्या बॅचमध्ये सगळ्यात मोठ्या बाई ४४ च्या होत्या, त्यांची मुलगी आमच्यापेक्षा थोडी लहान. प्रॅक्टिकलला मुलं त्यांच्याकडेच जायची, आम्ही बावीस वर्षांच्या पोरी त्यांच्यासमोर परीक्षा दिल्यासारख्या बसायचो. तू एचआरमध्ये होतीस म्हणजे लोकांना वाईट बातमी सांगायची सवय आहे तुला, ती इथे उपयोगी पडते.

ॲडमिशन होईपर्यंत एक कर. मुलगी साडेबारापर्यंत शाळेत असते ना, तर घराजवळच्या महापालिकेच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेट, काउन्सेलर म्हणून नाही, आठवड्यातून दोन दिवस वाचनाचा तास घेते म्हणून सांग. गोष्टीची पुस्तकं घेऊन जा. नवीन माणूस म्हणून बहुतेक आधी नाही म्हणतील, लेखी अर्ज आणा म्हणतील, तो देऊन ये आणि पुढच्या आठवड्यात परत जा. चौथी-पाचवीचा वर्ग माग. मुलं पुस्तक ऐकता ऐकता मधेच काहीतरी भलतंच सांगायला लागतात, घरचं, मामाचं, मेलेल्या कुत्र्याचं. तेव्हा तुला काय होतं ते बघ, लगेच सल्ला द्यावासा वाटतो की नुसतं "मग?" म्हणता येतं. रात्री मुलगी झोपली की ते जसंच्या तसं मराठीत वहीत लिहून काढ, मुलांची नावं न लिहिता. जूनमध्ये डिपार्टमेंटमध्ये जाशील तेव्हा ती वही बरोबर ने, आणि मला पण दाखव एकदा, रविवारी मी ठाण्यातच असते.